झोप परत आली तर?

(पत्र थोडं कमी केलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

"ताई,

मी सैन्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्याआधी प्रत्यक्ष लढाईत होतो. एका रात्री पहारा माझा होता, पण अंगात ताप होता. माझा जोडीदार म्हणाला, 'पड तू, मी जातो.' पहाटे चौकीवर तोफगोळा पडला. तो गेला.

त्याआधी मी फार तुसडा माणूस होतो. कुणाचं दुखलंखुपलं कधी विचारलं नाही. आता उलटं आहे. ओळखीत कुणी दवाखान्यात असलं की रात्री सोबतीला मी थांबतो. मला नाहीतरी झोप येत नाही. दर रविवारी त्याच्या आईला फोन करतो. लोक म्हणतात, युद्धाने या माणसाचं सोनं केलं. ते ऐकलं की मला मळमळतं. तो मेला आणि मी सुधारलो, असाच हिशोब झाला ना हा?

घरी मी दुसराच असतो. दार आपटलं की मी जमिनीवर. बायकोने सगळ्या चौकटींना फोमच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. मुलं घरात चवड्यांवर चालतात. झोपेसाठी रोज दोन पेग घेतो. तीनच्या सुमाराला घामाने भिजून उठतो, मग सकाळपर्यंत जागाच. कधी कधी वाटतं, त्याच्या जागी मीच असायला हवा होतो.

बायको म्हणते मानसोपचारतज्ज्ञाकडे चला. मी टाळतो. लाज वाटते हे एक. खरं कारण कुणालाच सांगितलेलं नाही. मी बरा झालो, शांत झोप लागायला लागली, तर परत पूर्वीसारखा होईन का? आणि त्याला विसरून जाईन का?"

दादा,

एवढ्या जड पत्रात तुम्ही एक वाक्य सहज टाकून दिलंत: "मला नाहीतरी झोप येत नाही." मी तिथेच थांबले. रात्री दोनचा वॉर्ड डोळ्यांसमोर आला. खाटेशेजारी स्टुलावर तुम्ही. सलाइनची बाटली संपत आली की नर्सला हाक मारायची, पेशंटने कूस बदलली की पांघरूण सारखं करायचं. आणि थकलेल्या नातेवाइकाला काय म्हणत असाल तुम्ही? 'पडा तुम्ही, मी बसतो', असंच काहीतरी ना? हे वाक्य पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलंत, ते तुम्हीच वर लिहिलं आहे. त्याला विसरण्याबद्दल आपण शेवटी बोलू, पण मला तरी त्याची फारशी भीती वाटत नाही.

भीती वाटते ती दुसऱ्या वाक्याची, म्हणून बाकी सगळ्याच्या आधी एक सरळ प्रश्न. 'त्याच्या जागी मीच असायला हवा होतो' असं मागे उरलेल्या अनेक सैनिकांना कधी ना कधी वाटतं. पण त्यात आणि 'मला आता जगायचं नाही' यात अंतर आहे. तुम्ही कुठे आहात? जीव द्यावा असं मनात येतं का? कसा द्यायचा याचा विचार होतो का? उत्तर हो असेल तर पुढचं नंतर वाचा. आत्ता बायकोला हाक मारा, तिला हेच शब्द सांगा आणि आजच डॉक्टर गाठा. घरात परवान्याचं हत्यार असेल तर ते रीतसर दुसरीकडे ठेवायला द्या, आणि हे उत्तर नाही असलं तरी करा. रात्री तीन वाजता, पोटात दारू असताना माणूस जे करून बसतो, ते सकाळी दहा वाजता करत नाही. तुमच्या पत्नी हे वाचत असतील तर त्यांना सांगते: असं थेट विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, हा समज खोटा आहे. विचारा.

आता तुमचा हिशोब.

सोनं केलं म्हणणाऱ्यांचा मलाही राग येतो. 'संकट माणसाला घडवतं' अशा पाट्या भिंतीवर लावणाऱ्यांना एकेक रात्र त्या चौकीवर धाडावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तुमच्यात जो बदल झाला त्याला मानसशास्त्रात नाव आहे, आघातोत्तर वाढ. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात हे नाव रुळवलं आणि १९९६ साली ती मोजायला २१ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. माणसं जवळची वाटू लागतात का, आयुष्याचं मोल कळतं का, नव्या वाटा दिसतात का, अशी ती विधानं. ते स्वतः या वाढीबद्दल बोलताना भूकंपाची उपमा देतात. भूकंप घर पाडतो, एवढंच त्याचं काम. नंतर कुणीतरी विटा वेचतं, कुठली भिंत मुळातच कच्ची होती हे ओळखतं, आणि पुन्हा बांधायला घेतं. त्या बांधकामाचं श्रेय भूकंपाला कुणी देत नाही.

तोफगोळ्याने तुम्हाला मवाळ केलेलं नाही. त्याने एक माणूस मारला. पुढचं तुम्ही केलंत. पहिल्या रविवारी त्या माउलीशी काय बोलायचं हे कळत नसताना नंबर कुणी फिरवला? त्यामुळे जमाखर्चाच्या वहीत त्याचा मृत्यू एका बाजूला आणि तुमचा चांगुलपणा दुसऱ्या बाजूला मांडू नका. सौदा असता तर तुम्ही तो केव्हाच मोडून त्याला परत मागितला असता. ते मळमळणं दुसरं काय सांगतंय?

'घरी मी दुसराच असतो' हे मात्र मला पटलं नाही. लोकांना वाटतं, माणूस एक तर खचतो, नाहीतर उभारी धरतो. प्रत्यक्षात दोन्ही एकाच अंगात नांदतात. १९७३ च्या युद्धात कैद झालेल्या इस्रायली सैनिकांचा झहावा सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जे लढले पण कैदेत पडले नाहीत, त्यांच्यापेक्षा या कैद्यांमध्ये त्रासाची लक्षणंही जास्त होती आणि वाढही जास्त. अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक माजी सैनिकांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण निम्म्यांनी निदान मध्यम प्रमाणात वाढ झाल्याचं सांगितलं. ज्यांच्यात पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतरच्या ताणविकाराची लक्षणं होती, त्यांच्यात तर हे प्रमाण ७२ टक्के निघालं. एकाच खोडावर घावही असतो आणि पालवीही. वॉर्डात बसणारा आणि दार आपटल्यावर जमिनीवर पडणारा, दोघं तुम्हीच.

यावरून त्रास हे खत आहे, ते घालत राहायचं, असा अर्थ काढू नका. तुमच्या मनात नेमका हाच अर्थ बसलाय असं मला वाटतं. काही अभ्यासांत वेगळं चित्र दिसतं. फारच कमी हादरा बसला तर माणूस होता तसा राहतो, आणि त्रास फार वाढला तर विटा वेचायलाही ताकद उरत नाही. आणि या मोजमापात एक गोम आहे, ती संशोधकांनीच दाखवून दिली: माणसाला आपण बदललो असं वाटणं आणि तो खरोखर बदललेला असणं, या दोन गोष्टी नेहमी जुळत नाहीत. तुमच्या बाबतीत मी निश्चिंत आहे, कारण तुमची वाढ प्रश्नावलीत नाही. ती रविवारच्या फोनमध्ये आहे.

तरीही वॉर्डातल्या त्या रात्रींबद्दल एक शंका बोलून दाखवते, रागावू नका. तुम्ही रात्रीच जाता. जागाच राहता. दुसऱ्याला झोपवून स्वतः बसता. दादा, तुम्ही अजून तोच पहारा भरून काढताय का? असं असलं तरी सेवा ती सेवाच, पेशंटला त्याने काही फरक पडत नाही. पण तुम्हाला पडतो. मनापासून केलेल्या कामातून माणूस उठून घरी येऊ शकतो. फेडीसाठी धरलेला पहारा कधी उतरत नाही, कारण तो उतरवून घ्यायला येणारा माणूसच उरलेला नाही.

म्हणून त्या रात्रीकडे एकदा नीट बघू या. तो निघाला तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं? पहाटे गोळा तिथेच पडणार हे नाही. तुम्हाला ताप आहे आणि जोडीदार पहारा घेतोय, एवढंच. अशी अदलाबदल तुमच्यात आधीही झाली असेल, कधी तुम्ही त्याच्यासाठी गेला असाल, आणि सकाळी दोघं परत आला असाल. त्या रात्रीला तुम्ही आजच्या माहितीने दोषी ठरवताय. मन हे फार सफाईने करतं. जे नंतर कळलं ते आधीच माहीत होतं असं भासवतं. आणखी एक. जाण्याचा निर्णय त्याचा होता. तुम्ही आजारी दिसलात आणि तो उठला. सगळा दोष स्वतःकडे ओढून घेताना तुम्ही त्याच्या हातातून ती गोष्टही काढून घेताय. तो तुमच्या तापाचा बळी नव्हता. तो मित्रासाठी उठलेला माणूस होता.

हे वाचून पटेल आणि रात्री तीनला पुन्हा पुसलं जाईल, याची मला कल्पना आहे. त्यासाठीच उपचार असतात, पण त्याआधी तुमच्या ताण निभावण्याच्या सवयींबद्दल थोडं.

माझ्याकडे एक माजी सैनिक यायचे. पहिल्या भेटीत चाळीस मिनिटं गप्प. माझ्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता. त्यांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, खाली वाकले, पाय घट्ट केला, दोनदा हलवून बघितला. निघताना म्हणाले, "आज बरं वाटलं." मी हसले, पण मला त्यांचं पटलंही. लॅझरस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताण निभावण्याच्या दोन तऱ्हा मांडल्या: अडचणच दूर करणं, किंवा अडचणीने मनात जे उसळतं ते सांभाळणं. सैनिकाला पहिली तऱ्हा हाडीमाशी भिनवलेली असते. पूल तुटला, बांधा. वायर तुटली, जोडा. मृत्यूला स्क्रूच नसतो. तिथे दुसरी तऱ्हा लागते, ती कुणी शिकवलेली नसते, मग माणूस हाताला येईल ते धरतो. तुमच्या हाताला पेग आले.

दारूबद्दल उपदेश करत नाही, फक्त यंत्रणा सांगते. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या पहिल्या भागात ती स्वप्नांची झोप दाबून धरते. उत्तररात्री दारूचा अंमल उतरला की दाबलेली स्वप्नं उसळून वर येतात. तुमचे तीन वाजता उठणं आणि घाम, यात त्या लढाईचा वाटा आहेच, पण दोन पेगचाही आहे. रोजचं प्रमाण दोनहून बरंच जास्त असेल (लोक दोन सांगतात, मी मनात चार धरते) तर अचानक बंद करू नका. ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना खरा आकडा सांगा आणि त्यांच्या देखरेखीखाली उतरवत आणा. झोपेच्या गोळ्यांवर परस्पर जाऊ नका. दारूबरोबर त्या जिवावर बेततात, आणि त्यांतल्या सवय लागणाऱ्या प्रकाराच्या गोळ्या या विकारात द्यायला तज्ज्ञ आता नको म्हणतात.

लाज वाटते म्हणालात. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईत एक ग्रीक सैनिक अंगावर एकही घाव नसताना आंधळा झाला. शेजारचा सैनिक मारला गेला तेव्हापासून, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवलंय. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'शेलशॉक' (तोफगोळ्यांच्या हादऱ्याने बिथरलेलं मन) हा शब्द वैद्यकात आणला, आणि त्याच युद्धात ब्रिटनने आपल्याच शेकडो सैनिकांना पळपुटे, भेकड ठरवून गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना २००६ साली मरणोत्तर माफी मिळाली. पीटीएसडी हे निदान मनोविकारांच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये. तुमची लाज तुमची नाही. ती जुन्या अडाणीपणातून तुमच्यापर्यंत आलेली आहे.

उपचारात काय होतं ते थोडक्यात, म्हणजे दाराबाहेर पाय अडायला नको. आघातावर काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत आणि त्या बहुतेक तीन-चार महिन्यांत आटोपतात. एकीत ती रात्र सुरक्षित खोलीत पुन्हा पुन्हा, सविस्तर सांगायची असते, जोवर ती आठवण म्हणून राहते आणि आत्ता घडतेय असं वाटणं थांबतं. दुसरीत, मघाशी 'तुम्हाला तेव्हा काय माहीत होतं' असं मी विचारलं, तसे रुतून बसलेले विचार कागदावर उतरवून तपासतात. ही साधारण बारा बैठकांची असते. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही तिसरी. गरज पडली तर नैराश्यावरची काही औषधं इथेही कामाला येतात. पहिले काही आठवडे जड जातात, स्वप्नं वाढल्यासारखीही वाटतात. तेवढ्यावरून सोडून येऊ नका. समोरच्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, 'आघातावरच्या उपचाराचं प्रशिक्षण आहे का?' नसेल तर दुसरे शोधा, यात उद्धटपणा काही नाही.

आता तुमची खरी भीती. झोप परत आली तर तुसडेपणाही परत येईल का?

उपचार घेतलेल्यांची वाढ आटल्याचं मी पाहिलेलं नाही. आघातावरच्या उपचारानंतर ती अधिक झाल्याच्या नोंदी संशोधनातही आहेत, आणि त्यात नवल नाही: रोज रात्री त्याच चौकीवर उभा राहणारा माणूस दमलेला असतो, ती दमणूक कमी झाली की तो घरच्यांसाठीही उरतो. तुमचा मऊपणा सध्या सगळा बाहेर खर्च होतो. वॉर्डातल्या पेशंटला मिळतो, मुलांना चवड्यांवर चालावं लागतं. झोप आली तर बदलेल ते एवढंच की दवाखान्यात जायचं की नाही हे तुम्ही ठरवाल. आज ते तुमची जाग ठरवते. कधी दुपारी जाऊन बघा. रात्री दुसऱ्या कुणाला बसू द्या आणि तुम्ही घरी या. त्या रात्री फार अस्वस्थ वाटेल. ते डॉक्टरांना सांगा, त्यांना उपयोगी पडेल.

आणि त्याला विसरणं. आज तुम्हाला तो आठवतो तो कसा? बहुधा पहाटेच्या त्या एका क्षणासकट. त्याच्या आयुष्याची बाकी सगळी वर्षं त्या क्षणाने झाकून टाकली आहेत. उपचाराने ते झाकण बाजूला सरकतं. येत्या रविवारी त्याच्या आईला तब्येत विचारून झाली की एक प्रश्न विचारा: लहानपणी तो कसा होता? खोडकर की शहाणा? मुलाविषयी हे विचारणारं कुणी आता त्यांच्याकडे फारसं येत नसेल. फोन लांबला तर लांबू द्या.

राहता राहिल्या त्या फोमच्या पट्ट्या. त्या लावणाऱ्या बाईंना माझा नमस्कार. पण घरच्यांनी प्रेमाने असं सगळं जपायला घेतलं की मेंदूला 'दार आपटलं आणि काहीच झालं नाही' हे शिकायला संधीच मिळत नाही, आणि दचकणं मुक्कामाला राहतं. सगळ्या एकदम काढू नका. पहिल्या भेटीनंतर, डॉक्टरांशी बोलून, दिवसाउजेडी, तुम्ही घरात असताना एका दाराची काढायची. मुलांना सांगायचं की आज हे दार वाजणार आहे आणि बाबा दचकले तरी चालेल. दार कुठलं, ते मात्र तुम्ही ठरवू नका. त्यांना ठरवू द्या, पट्ट्या त्यांनी लावल्या आहेत.